मक्यावरची अळी, एफझेड३०० कॅमेरा आणि पुढे लावायच्या काचा: काय ठेवू, काय काढून टाकू?

शिवारफेरी

नमस्कार मंडळी. मी सिल्लोड तालुक्यात सहायक कृषी अधिकारी आहे. फोटोग्राफी हा माझा छंद वगैरे नाही, कामाची गरज आहे. जुलै लागला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी एकच प्रश्न असतो, "ताई, ही कोणती अळी?" सोबत एक फोटो, त्यात सगळा हिरवा धूर आणि मधे एक तपकिरी रेघ. त्यावरून मी काय सांगणार, कपाळ?

अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली आधी कर्नाटकात सापडली, मग आपल्याकडे आली. तेव्हापासून मक्याच्या पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, काहीही वळवळलं की माणूस थेट दुकान गाठतो आणि महागातलं औषध घेऊन येतो. ओळख तशी अवघड नाही. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, आणि शेपटीकडच्या शेवटून दुसऱ्या खंडावर चार काळे ठिपके, चौकोनात. पण वाय पुसटसा इतर अळ्यांनाही दिसतो, म्हणून ठिपके बघितल्याशिवाय मी काही बोलत नाही. पूर्ण वाढलेली अळी साडेतीन-चार सेंटिमीटरची. तिचं डोकं मात्र जेमतेम तीन मिलिमीटरचं.

माझा मोबाइल मॅक्रोसाठी अगदी बोटभर अंतरावर न्यावा लागतो. तेवढ्यात अळी पोंग्यात घुसते, आणि नाही घुसली तर मोबाइलचीच सावली तिच्यावर पडते.

धाकट्या दिरांनी त्यांचा पॅनासॉनिक एफझेड३०० मला देऊन टाकला. "वहिनी, याला पावसाचे शिंतोडे चालतात, तुम्हाला बांधावर बरा," म्हणाले. कॅमेरा खरंच बरा आहे. पण टोकाच्या झूमला मॅक्रोवर ठेवूनही तो मीटरभर लांबूनच फोकस घेतो, आणि अळी चौकटीत मावते ती एवढीशी. उलट झूम न करता अगदी चिकटून फोटो निघतो, पण मग मोबाइलचीच तऱ्हा.

म्हणून मी एक ऑनलाइन संच मागवला. अठराशे रुपये गेले. ५२ मिमी तोंडाच्या लेन्सवर बसणाऱ्या काचांचा डबा, त्यात: जास्त रुंद भाग दाखवणारी ०.४५ची वाइड काच, लांबचं जवळ आणणारी २.२ची टेली काच, +१, +२, +४ आणि +१० अशा चार क्लोजअप काचा, वर यूव्ही (अतिनील गाळणारा), सीपीएल (चमक कापणारा) आणि एफएलडी (गुलाबी) असे तीन फिल्टर. +१० लावून काढलेल्या फोटोत अळीच्या कडेला जांभळी झालर आली. वाइड लावली तर चारही कोपरे काळे. टेलीतून समोरची टेकडी दुधात बुडवल्यासारखी. विकणारा म्हणतो पॅकेट फोडलं, परत घेणार नाही.

आता नेमके प्रश्न. या डब्यातलं काही कामाचं आहे का? लोक रेनॉक्स रेनॉक्स करतात, त्या कंपनीच्या क्लोजअप काचांत १५० घ्यावं की २५०? मक्याच्या पानाची चमक कशी घालवायची, दुपारी पान नुसतं आरशासारखं दिसतं. आणि माझा दहावीतला मुलगा म्हणतो टेली टाकू नको, हिवाळ्यात जायकवाडीला पक्षी बघायला नेऊ. त्याला काय सांगू?

जुनाझूम

ताई, डबा फेकू नका. त्यातल्या नऊपैकी तीन वस्तू तुमच्या उपयोगाच्या आहेत. कशा ते सांगतो, पण जरा सावकाश. माझं आयुष्य कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत भिंगं पुसण्यात गेलं, त्यामुळे थोडं पाल्हाळ होईल.

क्लोजअप काच म्हणजे कॅमेऱ्याची चाळिशी. चष्म्याच्या दुकानात जो +२चा नंबर मिळतो, तोच हा +२. ही काच लावली की कॅमेऱ्याला लांबचं दिसेनासं होतं आणि ठरावीक अंतरावरचं स्वच्छ दिसतं. ते अंतर काढायला १००० भागिले नंबर, उत्तर मिलिमीटरमध्ये. +२ला ५०० मिमी म्हणजे अर्धा मीटर, +४ला पाव मीटर, +१०ला दहा सेंटिमीटर. कॅमेऱ्याने स्वतः आणखी जवळचा फोकस घेतला तर हे अंतर थोडं कमी होतं, पण हिशेबाला एवढं पुरे.

आता दुसरा आकडा. तुमच्या लेन्सच्या तोंडाशी ४.५-१०८ असं छापलेलं असेल. जाहिरातीतला ६०० विसरा, तो जुन्या ३५ मिमी फिल्मच्या तुलनेतला. खरी लेन्स टोकाला १०८ मिमीची. आणि आतला सेन्सर रुंदीला सहा मिलिमीटरहून किंचित जास्त, ६.२ धरा. चौकटीत किती रुंदीची वस्तू मावेल हे काढायचं तर ६.२ गुणिले अंतर भागिले १०८.

करून बघा. +२ला जवळपास २९ मिमी. म्हणजे तुमची वाढलेली अळी पूर्ण झूमला मावतच नाही, झूम जरा मागे आणून ८० मिमीच्या आसपास थांबलात की सव्वाअडतीस-एकोणचाळीस मिमी मिळतात, अळी तोंडापासून शेपटीपर्यंत चौकटीत. आणि तुम्ही तिच्यापासून हातभर लांब! +४ला चौदा मिमी. रेनॉक्स डीसीआर-१५०चा नंबर ४.८, म्हणजे एकवीस सेंटिमीटरवरून बारा मिमी. डीसीआर-२५०चा नंबर ८, म्हणजे साडेबारा सेंटिमीटरवरून सात मिमी.

सात मिमीच्या चौकटीत तीन मिमीचं डोकं छान भरतं, हे खरं. पण हातात कॅमेरा धरून, वाऱ्यावर हलणाऱ्या मक्यात, सात मिमीची चौकट अळीवर धरून दाखवा, मी तुम्हाला चहा पाजतो. माझं मत स्पष्ट आहे. तुम्हाला १५०. मावा, फुलकिडे असलं मिलिमीटरभराचं घबाड टिपायचं असेल तेव्हा २५०चा विचार करा, तोही पान तोडून टेबलावर ठेवून.

त्या जांभळ्या झालरीचं कारण: तुमच्या डब्यातल्या काचा एकेरी आहेत. एकेरी भिंग निळा आणि लाल प्रकाश वेगवेगळ्या ठिकाणी गोळा करतं. नंबर वाढला की दोष वाढतो. म्हणून +१० बेकार, +४ जेमतेम, आणि +२ चक्क चांगली चालेल. रेनॉक्समध्ये तीन काचा जुळवून हा दोष मारलेला असतो. कॅननची ५००डी नावाची क्लोजअप काचही दोन भिंगं जोडलेली, नंबर +२, पण तुमच्याकडे आधीच साधी +२ आहे, तर आधी ती वापरून बघा. +१ ठेवा किंवा नका ठेवू. दोन काचा एकावर एक लावायच्या झाल्या तर जास्त नंबराची कॅमेऱ्याकडे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एवढ्या जवळून फोटो काढताना फोकसची खोली पाव ते अर्धा मिलिमीटर असते, त्याच्या पुढेमागे सगळं धूसर. अळीचं डोकं आणि शेपूट एकाच वेळी लख्ख हवं असेल तर कॅमेरा तिला समांतर धरायला हवा, आडवा, वरून. लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ ५.६ ठेवा. एफ ८ वर खोली वाढते पण एवढ्याशा सेन्सरवर सगळंच मऊ पडायला लागतं.

मोबाइलबहाद्दर

एवढी गणितं कशाला? दोनशे रुपयांची मोबाइलला चिमट्याने लावायची काच घ्या, झालं. माझ्याकडे आहे, मुंगीच्या मिशा दिसतात.

जुनाझूम

दिसतात हो. दीड-दोन सेंटिमीटरवरून. ताईंनी प्रश्नातच लिहिलंय की अळी पोंग्यात घुसते. वाचलंत का?

मोबाइलबहाद्दर

अळी काढून हातावर घ्यायची की काका. :)

आंबोलीकर

हातावर घेतलेली अळी चालते, पण मग ती कुठल्या पानावर, कशी खात होती, विष्ठा कशी होती, हे सगळं हरवतं. शेतावरच्या फोटोला त्याचीच किंमत.

मी गेली आठ-दहा वर्षं इकडे घाटात फुलपाखरं टिपतोय, एफझेड२०० आणि १५० याच जोडीवर. ग्रास ज्वेल नावाचं आपल्याकडचं सगळ्यात चिमुकलं फुलपाखरू, पंख पसरून अंगठ्याच्या नखाएवढं, तेही पंख मिटून बसलं की यात आरामात येतं. जुनाझूम काकांचा हिशेब बरोबर आहे, माझी भर फक्त हाताळणीची.

रेनॉक्सला चिमटा येतो, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबायच्या आणि लेन्सच्या तोंडात सोडायच्या. ५२ ते ६७ मिमीपर्यंत कुठेही बसतो, तुमच्या लेन्सचा आटा ५२चाच आहे. झूम टोकाला नेऊनच वापरा, झूम मागे आणलात की चौकटीत गोल काळी कड दिसते. ऑटोफोकसच्या नादी लागू नका, तो भिरभिरत बसतो. एकदा फोकस कुलूप करा आणि स्वतः पुढेमागे झुला, अगदी श्वासाएवढं. एफझेड३००मध्ये ४के फोटो आहे ना? सेकंदाला तीस चित्रं, प्रत्येक आठ मेगापिक्सेल. ते सुरू करून दोन सेकंद झुला आणि मग घरी बसून साठातलं एक निवडा. ग्रुपवर पाठवायला आठ मेगापिक्सेल म्हणजे चैन.

आता चमकेचं. मक्याच्या पानावर मेणासारखा थर असतो, त्यावरून परतलेला प्रकाश बराचसा ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो, म्हणून सीपीएलने तो कापता येतो. पण सगळ्या कोनांतून नाही. पानाला अगदी काटकोनात, सरळ वरून बघितलंत तर फिल्टर फिरवून काही फरक पडत नाही. तिरकं बघा, पानावरच्या उभ्या रेषेपासून पन्नास-पंचावन्न अंशांवर, आणि मग फिरवत राहा. एका ठिकाणी पांढरी चमक एकदम विझते आणि खालचा गर्द हिरवा वर येतो. पहिल्यांदा बघाल तेव्हा उगाचच दोन-तीनदा फिरवून बघाल.

सीपीएल आधी कॅमेऱ्यावर आणि रेनॉक्सचा चिमटा त्याच्या पुढच्या आट्यावर. फिरवताना दोन्ही फिरतात, फिरू देत. प्रकाश दीड स्टॉपच्या आसपास कमी होतो, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश उरतो, तेव्हा हात हलणार, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००-४०० करा. वारा असेल तर सीपीएल काढूनच ठेवा आणि छत्री धरा. खरं सांगू? काळी छत्री सीपीएलपेक्षा स्वस्त आणि पुष्कळदा जास्त उपयोगी.

चमक कापणारे फिल्टर दोन जातींचे, सर्क्युलर (तोच सीपीएल) आणि लिनियर; कुणी सांगेल की हा नको, तो नको, अमुकच घ्या. तो वाद आरशाच्या एसएलआरचा, त्यातल्या प्रकाशमापकाला लिनियर फिल्टर गोंधळात टाकायचा. आपल्या कॅमेऱ्यात आरसाच नाही. दोन्ही चालतात.

आणि डब्यातला एफएलडी? तो ट्यूबलाइटखाली फिल्मवर येणारा हिरवट रंग मारण्यासाठी होता, म्हणून गुलाबी. आता ते काम कॅमेऱ्यातला रंग जुळवणारा व्हाइट बॅलन्स करतो. तो मुलाला द्या, सूर्यास्त गुलाबी करायला.

जुनाझूम

छत्रीला माझं अनुमोदन. मी मघाशी नऊतल्या तीन म्हटलं होतं: +२, सीपीएल आणि यूव्ही. यूव्हीचा रंगाशी काही संबंध नाही, सेन्सरसमोर आधीच अतिनील गाळणारी काच असते. पण ताई फवारणीच्या शेतात जातात. औषधाचा तुषार लेन्सवर बसलेला मी पाहिलाय, पुसता पुसता वरचा लेप गेला. तेवढ्यासाठी यूव्ही लावा. फोटो काढताना ऊन समोरून असेल तर काढून टाका, नाहीतर हिरवे-जांभळे ठिपके येतील आणि तुम्ही ते अळीचे समजाल.

टेलीचं. मुलाला सांगा, २.२ची काच टाकायचीच. चांगली टेली कन्व्हर्जन काच १.७ची असते, पॅनासॉनिकची स्वतःची डीएमडब्ल्यू-एलटी५५ आहे. पण ती थेट लेन्सच्या आट्यावर लावायची नाही. झूमची नळी आत-बाहेर जाते, तिच्यावर एवढं वजन टांगलं की मोटरचे हाल. त्यासाठी एलए७ नावाची वेगळी नळी येते, ती कॅमेऱ्याच्या अंगाला बसते आणि वजन अंगावर घेते. दोन्हींचा खर्च, वर झूम मागे आणला की काळे कोपरे, आणि मिळतं काय? ६००चं १०२०.

त्यापेक्षा फोटो कापा. १.७ने कापलात तर बारा मेगापिक्सेलचे चार उरतात. २३५० बाय १७६५च्या आसपास. दहा बाय साडेसात इंचाची प्रत सहज निघते. पोराला जायकवाडीला न्या ते काच घेऊन नाही, पहाटे उठवून. नाथसागरावर ऊन चढलं की पाण्यावरची हवा नाचते, त्याला जगातली कुठलीच काच उपाय नाही.

आणि ०.४५ची वाइड. तिचे दोन तुकडे होतात, मधे फिरवून बघा. मागचा लहान तुकडा म्हणजे एक तगडं क्लोजअप भिंग असतं, साधारण +१०च्या आसपासचं. पुढचा मोठा तुकडा पेपरवेट. तुमची लेन्स झूम न करता, जाहिरातीतल्या हिशेबाने, २५ मिमीइतकी रुंद आहेच, अख्खा प्लॉट दाखवायचा तर पॅनोरमा घ्या.

वऱ्हाडी

एक विचारतो मधातच. माहं सीपीएल फिल्टर लेन्सवर असं अडकलं की निघता निघेना. पक्कड लावू का?

आंबोलीकर

पक्कड अजिबात नको दादा! कड वाकली की कायमचं बसेल. फिल्टरच्या कडेभोवती रुंद रबरबँड गुंडाळा आणि सगळ्या बोटांनी हलकंच फिरवा, दाबू नका. दाबलं की कडं लंबगोल होतं आणि आणखी अडकतं. नाहीच निघालं तर स्वच्छ रबरी चप्पल पालथी धरून तिच्या तळव्यावर फिल्टर टेकवा आणि कॅमेरा फिरवा. हसू नका, निघतं. मात्र सीपीएलला पुढची कड फिरते, ती नाही, मागची धरायची.

वऱ्हाडी

निघालं! चपलीनंच निघालं राजेहो.

शिवारफेरी

सगळ्यांचे आभार. उशीर झाला लिहायला, पंचनाम्यांत अडकले होते.

आधी फक्त डब्यातली +२ लावून आठवडा काढला. जुनाझूम काका, तुमचा हिशेब मी पट्टी ठेवून तपासला. झूम टोकाला, पट्टी अर्ध्या मीटरवर, चौकटीत सत्तावीस मिमी दिसले. मला शाळेत फिजिक्स असं कुणी शिकवलं असतं तर मी अभियंता झाले असते! मग मुंबईहून मावसभावाने वापरलेलं १५० आणलं. दुकानातच टॉर्च तिरका मारून बघ म्हटलं होतं, आत बुरशीचे तंतू दिसतात का ते. पहिल्या काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं, ती परत ठेवली, दुसरी घेतली. आता ते डाळीच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतं, आणि सासूबाई रोज विचारतात यात कसली डाळ आहे.

पहिले दोन दिवस सगळे फोटो हललेले. मग एक वेळूची काठी घेतली, जमिनीत रोवून डाव्या हाताने काठी आणि कॅमेऱ्याचा पट्टा एकत्र धरायचा. त्याने फरक पडला. फ्लॅशचा एक घोटाळा: रेनॉक्स पुढे आलेलं असल्याने त्याचीच सावली चौकटीच्या खालच्या भागात पडते. दुधाची पांढरी पिशवी कापून, धुऊन फ्लॅशच्या पुढे लोंबती लावली, तेव्हा उजेड पसरून खाली उतरला. सीपीएल मी आता फक्त सकाळी वापरते. दुपारी छत्री.

आता जे सांगायचंय ते. परवा एकाचा फोन, "ताई, कणसात लष्करी शिरली, सगळा मका गेला, उद्या फवारतो." गेले. कणसाचं टोक सोललं, आत हिरवट-तपकिरी अळी, दाणे खाऊन वर सगळा भुसा करून बसलेली. +२ने अख्खी घेतली, मग १५० लावून शेपटीकडचे खंड. ४के फोटोतून एक चित्र निवडलं आणि तिथेच बांधावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठं करून बघितलं. चौकोनातले चार ठिपके नाहीतच. उलट अंगभर खरखरीत कातडी आणि बारीक काटेरी केस, एकेक मोजून घ्यावा असा. घाटेअळी. हरभऱ्यावरची तीच. कृषी विज्ञान केंद्रातल्या सरांना फोटो पाठवला, त्यांचंही तेच उत्तर दहा मिनिटांत आलं. पोंग्यातल्या लष्करीसाठी आणलेलं औषध पक्क्या होत आलेल्या कणसावर मारून त्या अळीचं काही वाकडं होणार नव्हतं, ती आत बसलेली.

फोटो ग्रुपवर टाकला. पहिली प्रतिक्रिया: "ताई, अळी लई भारी दिसती. कोणता मोबाइल घेतला?"